बिनठिपक्याचा बिल्ला

तराजू-दुरुस्तीचं दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून ठिपकेकाका मागच्या खोलीत बसून लोकांचे जुने बिल्ले पारखतात. टोपणनावामागे एक शोध आहे. बंद पडलेल्या काचकारखान्यात कामगारांना जेवणासाठी पितळी बिल्ले मिळत. त्यांवर आकड्याखाली एक ठिपका असे. बावीस वर्षांपूर्वी काकांना बिनठिपक्याचा बिल्ला सापडला. हा वेगळाच ठसा, असं त्यांनी ठरवलं आणि संग्राहकांच्या यादीत त्यांच्या नावावर नवा प्रकार छापून आला. तसा दुसरा बिल्लाही काकांनाच मिळाला, तेव्हा त्यांच्या शब्दावर विसंबून एका निवृत्त पोस्टमास्तरांनी आपले सत्तर बिल्ले काकांना देऊन तो घेतला.

परवा एक शिंपीणबाई आल्या. त्यांचे वडील त्या कारखान्यात ठशाच्या यंत्रावर होते. रोज सकाळचा पहिला बिल्ला ते नमुना म्हणून तारेत ओवून ठेवत. बाईंनी ती तार जशीच्या तशी आणली होती.

"घासून लख्ख करणार होते, पण वेळच मिळाला नाही," त्या म्हणाल्या.

"तुमच्या आळसाचे उपकार आहेत, ताई."

घासलं की वरचा तपकिरी थर जातो आणि त्याबरोबर बिल्ल्याची किंमतही. काकांनी भिंग डोळ्याला लावलं. कडा शाबूत, अक्षरांचे माथे टोकदार. वापरात न गेलेला माल. आठ बिल्ले झाले. नवव्यावर ठिपका अर्धाच होता, दहाव्यावर नुसती सावली, अकराव्यावर काहीच नाही.

बाराव्यावर ठिपका परत आला होता.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. यावेळी ते कड पाहत होते. कडेपासून निघालेली केसासारखी उठावाची रेघ प्रत्येक बिल्ल्यावर होती आणि दर बिल्ल्यागणिक ती थोडी वाढत होती. म्हणजे ठसा एकच, त्याला तडा गेलेला. ठशातला ठिपक्याचा खळगा मळीने भरत गेला, मग कुणीतरी तो साफ केला.

"अधूनमधून बाबांच्या हाताला रॉकेलचा वास यायचा," बाई म्हणाल्या. "ठसा पुसायचे ना."

काकांनी कपाटातून स्वतःचा बिल्ला काढला. त्याची रेघ अकराव्याशी तंतोतंत जुळली. निराळा प्रकार वगैरे काही नव्हता. नुसती साचलेली मळी होती. चहा घेऊन आलेल्या काकूंनी नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि विचारलं, "काय, ठिपका सापडला वाटतं?"

लपवणं सोपं होतं. तार बाईंना परत दिली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. काकांनी चहा तसाच ठेवला आणि पोस्टमास्तरांना फोन लावला.

"मास्तर, तुमचा बिल्ला दुर्मीळ नाही. चूक माझी आहे. तुमचे सत्तर परत न्या."

मास्तरांनी सगळं खोदून खोदून विचारलं आणि फोन बाजूला ठेवून भिंग शोधायला गेले. परत आले ते घाईतच.

"माझी रेघ पहिल्या अक्षराच्या जरा अलीकडे थांबते. तुमच्या अकराव्याची?"

"पलीकडे."

"मग माझा आधीचा. म्हणजे रेघेवरून बिल्ल्यांचा क्रम लागतो! सत्तरांचं नंतर बघू. उद्या येतो, तार सोडू नका."

काकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी तार टेबलावरच राहू दिली आणि उद्या किती वाजता यायचं तेवढं विचारलं.