शेकड्यावर पाच

मला या प्रवासाला जायचंच नव्हतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुण्यातल्या एका पंपांच्या कारखान्यात मी क्वालिटीला होतो. आमचे साहेब जपान पाहून आले आणि गोदामावर संक्रांत आली. साठा ठेवायचा नाही. लागेल तेवढाच माल मोजून, थेट मशीनपाशी. पंपाच्या दांड्याभोवती बसणाऱ्या पितळी नळ्या, म्हणजे बुश, पुरवणारे दोघे होते, त्यातला एकच ठेवायचा. कोणता, ते मी फॉर्म भरून सांगायचं.

स्वारगेटहून सकाळची एसटी धरली. खंबाटकी घाटात ट्रक बंद पडलेला, तासभर तिथेच गेला. साताऱ्याच्या स्टँडवर चहा घ्या, पण वडा नको. तो कालचा असतो आणि लागतो परवाचा. उंब्रजला उतरलो तेव्हा मळभ दाटलं होतं आणि माझंही तोंड तसंच होतं.

हायवेपासून दहा मिनिटं चाललं की सुभेदारांचं वर्कशॉप. फौजेत गाड्या दुरुस्त करण्यात हयात गेली, निवृत्त झाल्यावर दोन लेथ टाकले. त्यांचा एकही बुश मी कधी परत पाठवला नव्हता. अडचण एकच, शंभराच्या पिशवीत एकशेपाच निघायचे. दोनदा लेखी कळवलं होतं. तिसऱ्यांदा मोजणी चुकली की नाव कटणार, हे त्यांनाही ठाऊक होतं.

पिशवी उघडून मोजली. एकशेपाच.

सुभेदार बायकोकडे वळले. "आगं, मोजून शंभर सांगितलं हुतं न्हवं?"

"शंभरच भरलं, आन् वर पाच घातलं," काकू म्हणाल्या. "आवं सायेब, आंबं असू द्या न्हाईतर लिंबं, शेकड्याला वर घालत्यातच की. एखादा खराब निघाला तर तुमचं काम अडाय नको. नुसतं मोजून दिल्यालं लय कोरडं वाटतं."

मी जपानी पद्धत समजावली. जास्तीचा माल पडून राहतो, त्याआड चुका लपतात, वगैरे. माझंच बोलणं मला परकं वाटत होतं. लेथवरचे दोघं हात थांबवून आमच्याकडे बघत होते.

"लिवा सायेब," सुभेदार म्हणाले. "हुकूम त्यो हुकूम."

मी फॉर्मवर फुली मारली. तरी काकूंनी विचारलंच, "सांगलीपातूर जायाचं, भाकरी बांधू का?"

"दोनच द्या," मी म्हटलं.

कराडला गाडी बदलून सांगली गाठली. स्टँडजवळच्या लॉजवर उतरू नका, तिथले ढेकूण खोलीच्या भाड्यातच येतात. जेवण काही गेलं नाही, काकूंच्या भाकरी फडक्यात तशाच राहिल्या. दुसऱ्या दिवशी तिथल्या दुसऱ्या पुरवठादाराकडे गेलो. कारखाना चकाचक, मोजणी बरोबर शंभर. त्यातले चार बुश कडेला खरबरीत होते.

"टक्केवारीत बसतंय की," मॅनेजर म्हणाला.

बसत होतं. खराब मालाला फॉर्मवर थोडी सूट होती, मोजणीला नव्हती. मी बरोबरची खूण केली.

संध्याकाळी पुण्यात घरी येऊन फडकं सोडलं. कडक झालेल्या दोन भाकरी, ठेचा, आणि वर तिसरी भाकरी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फॉर्म बॅगेतच होता, फाडता आला असता. सकाळी तो तसाच साहेबांच्या टेबलावर ठेवला.

सुभेदारांचं काम बंद झालं. काही महिन्यांनी सांगलीच्या पिशवीतले पाच बुश बसेनात आणि सगळी लाइन दुपारभर उभी राहिली.

"जास्तीचे पाचसुद्धा नाहीत का रे आपल्याकडे?" साहेब ओरडले.

"होते," मी म्हणालो. "मीच नको म्हटलं."