न भाजलेला चिखल

आमच्या भाऊजींनी, म्हणजे आमच्या ह्यांच्या धाकट्या भावाने, माझ्याकडे एकदा एक गोष्ट मागितली आणि मी तोंडावर नाही म्हटलं. त्या एका नाहीबद्दल हा माणूस आज गावभर माझे गोडवे गातो. ऐकून मीच कानकोंडी होते. म्हणून म्हटलं, काय झालं ते एकदा मीच सांगून टाकते, म्हणजे तिखटमीठ तरी लागायचं नाही.

आमची बेकरी आहे. खाली भट्टी, वर दोन खोल्या आणि जिन्याजवळच्या खोलीत भाऊजी. त्यांनी लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "वहिनी गरम पाव देतात, अजून काय हवं?" नोकरी संग्रहालयात, देखावे बनवायची.

तिथे एक लांबलचक दालन आहे. दोन्ही बाजूंना खोलीएवढ्या काचेच्या पेट्या आणि एकेका पेटीत जगाचा एकेक तुकडा. घनदाट जंगल, वाळवंट, गवताळ रान, बर्फ, समुद्राचा तळ. सगळं भाऊजींच्या हातचं. जंगलातली पानं मेणाची नि कापडाची, पण प्रत्येक पानावर शिरा ओढलेल्या. बर्फासाठी आधी माझ्याकडून पिठीसाखर नेली होती. तिला मुंग्या लागल्या, तेव्हा कुठे संगमरवराचा चुरा आणला. आणि एवढं जग उभं करणारा हा माणूस स्वतः कुठे म्हणून गेला नाही. बस लागते त्यांना!

प्रत्येक देखाव्यात माणसाची एक खूण ठेवायची, ही त्यांची पद्धत. जंगलात करवतीने कापलेला बुंधा. बर्फात तेलाचं पिंप. गवताळ रानात नांगर फिरवलेला काळा पट्टा. समुद्राच्या तळाशी फाटकं जाळं आणि प्लास्टिकची पिशवी.

"इतकं छान करता आणि मग त्यात घाण कशाला टाकता?" मी एकदा विचारलं.

"आपण तिथलंच खातो, जाळतो, नेसतो ना वहिनी? जेवून उठलो, पण ताट घासलं नाही. तेवढं दिसू दे की लोकांना."

शेवटची पेटी आमच्याच गावची, वेशीबाहेरच्या दलदलीची. तिथलं लव्हाळं कापून लोक चटया विणायचे, मासे धरायचे. नदी फुगली की जादा पाणी ही दलदलच पोटात घ्यायची. हे दोघे भाऊ लहानपणी तिथेच पडीक असायचे. आई लवकर गेली, घरात धड कोणी नाही. भाऊजी म्हणतात, आम्हाला त्या चिखलाने वाढवलं. त्या पेटीत खूण म्हणून त्यांनी फक्त एक विळा ठेवला, आणि चिखल मात्र खराच हवा असा हट्ट धरला.

आता त्यांच्या कामातला नियम असा, की बाहेरची माती पेटीत घालायच्या आधी कडक भाजायची. नाहीतर अळ्या, अंडी, बिया, काय काय तिच्यात जिवंत राहतं आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांची पिसं कुरतडून टाकतं. संग्रहालयातली छोटी भट्टी नेमकी बिघडली होती. तर हे महाशय ऐन सकाळी, दुकानात गिऱ्हाइकांची ही गर्दी, आणि दारात बादली घेऊन उभे.

"वहिनी, एवढा चिखल भाजून द्या की."

काय तो वास! पुढच्या बाईने नाकाला रुमाल लावला आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "पावाच्या भट्टीत दलदलीचा चिखल? नाही म्हणजे नाही. मी मेल्यावर भाजा हवा तर!"

बिचारे बादली उचलून निघून गेले. चिखल तसाच पेटीत घातला आणि साहेबांना सांगितलं, भाजलाय. माझी लेक तेव्हा रांगत होती. आता तिचा मुलगा रांगतो.

पुढे ती दलदल बुजवली. ट्रकवर ट्रक राडारोडा ओतला, वर घरं उठली, बाजार बसला. खोटं कशाला बोलू, आम्हालाही बरंच वाटलं, गिऱ्हाईक वाढलं. भाऊजींनी तेवढा पेटीतल्या विळ्याशेजारी विटेचा एक तुकडा ठेवला आणि घरी येऊन न जेवता झोपले. मग नदी फुगली की पाणी सरळ गल्लीत यायला लागलं. भट्टीत पाणी, मैद्याची पोती भिजलेली, नाकी नऊ आले. तेव्हा पालिकेला जाग आली आणि त्यांनी भरावाचा एक कोपरा परत खणला.

खणला खरा, पण तिथे काही उगवेना. जुनी माती भरावाखाली मरून गेलेली. कुठूनशी विकतची रोपं आणून लावली, तीही कुजली. नुसतं काळं पाणी, वास आणि डास. लोक ओरडायला लागले. पालिकेने सांगून टाकलं, उन्हाळ्यापर्यंत वाट बघू, नाहीतर बुजवून गाड्या लावायला जागा करू. भाऊजी रोज संध्याकाळी काठावर जाऊन यायचे. मी विचारायचे, काही दिसलं का? ते मान हलवायचे आणि ताटातलं चिवडत बसायचे. मला बघवत नव्हतं.

त्या हिवाळ्यात दालन रंगकामासाठी बंद होतं. दलदलीच्या पेटीवरचा पाइप गळत होता, तो कोणाच्या लक्षात आला नाही. दालन उघडलं त्या दिवशी भाऊजी भर दुपारी घरी आले, चेहरा पांढराफटक. मला वाटलं, कोणी गेलं.

"वहिनी, पेटीत उगवलंय."

"काय उगवलंय?"

"लव्हाळं! खरं. मेणाच्या लव्हाळ्याच्या मधूनच वर आलंय. आपल्या दलदलीचं. मी तो चिखल भाजला नव्हता हो."

संग्रहालयाच्या मोठ्या बाईंना वाटलं होतं की चिखल भाजलेला, त्यातल्या बिया कधीच्या मेल्या, ही मेणाच्या लव्हाळ्यावर ओलीने आलेली बुरशी आहे. दुसऱ्या दिवशी औषध फवारून पेटी साफ करायचा हुकूम सुटला होता. भाऊजी गप्प राहिले असते तर कोणाला काही कळलं नसतं. पण मग गावच्या दलदलीचं उरलेलं शेवटचं बी मेलं असतं. आणि बोलावं, तर इतक्या वर्षांचं खोटं उघडं पडणार, तेही निवृत्तीच्या तोंडावर.

"जाता जाता खोटारडा ठरेन," ते म्हणाले.

"ठराल. पण मग इथे माझ्या तोंडाकडे काय बघताय? जा ना!"

गेले. खरं सांगून टाकलं आणि तो चिखल खणलेल्या कोपऱ्यात लावायला मागितला. बाईंनी सगळ्यांच्या देखत फाडफाड सुनावलं, आणि त्यांचं काही चुकलं नाही. एक किडा लागला असता तर सगळे पक्षी गेले असते. मग म्हणे त्यांनी काचेला नाक लावून ते हिरवे कोंब एकेक करून बघितले. शेवटी म्हणाल्या, "उद्या संध्याकाळच्या आत न्या सगळं. पक्ष्यांना धक्का लागला तर याद राखा."

दुसऱ्या दिवशी पहाटे भाऊजी बेकरीत आले. बादलीत भरला तर चिखल कालवला जाणार, कोवळी मुळं तुटणार. वड्या कापून, सपाट ठेवून न्यायला हवा. मागितलं नाही हो त्यांनी काही. एकदा पोळलेला माणूस, नुसते माझ्या पावाच्या ट्रेकडे बघत उभे राहिले. मी एकेक करून सगळे ट्रे त्यांच्या हातात दिले. त्या दिवशी आमच्याकडे पाव झाला नाही. हे दोघे म्हातारे भाऊ हातगाडीवर ट्रे घालून दिवसभर खेपा घालत होते, आणि गुडघाभर पाण्यात उतरून वड्या लावत होते.

मग नुसती वाट बघणं. आधी काही दिसेना. मग काठाला हिरवी रेघ, मग इथे तिथे झुबके. उन्हाळा आला तोवर पाण्याचा वास गेला होता. पालिकेचे लोक आले, आणि बुजवायचं नाव न काढता निघून गेले. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. एवढासा कोपरा आहे तो, बाकी सगळी दलदल घराबाजाराखालीच आहे. पण परवा लेकीने तिच्या पोराला पाणकोंबडी दाखवली, पिल्लं घेऊन चाललेली. मी देवाचे आभार मानले, भाऊजींचे मानले, आणि त्या गळक्या पाइपचेसुद्धा मानले.

आणि काल सकाळी, पुन्हा दुकानात गर्दी असताना, भाऊजी दारात. हातात बादली. तोच वास! मोठ्या बाईंना पेटी परत भरून हवी आहे, आणि नव्या दलदलीने आता चिखल द्यायला सुरुवात केली आहे.

"वहिनी," ते अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "नियमाप्रमाणे भाजायला हवा. देता का भाजून?"

मी हातातला पाव खाली ठेवला. "नाही म्हणजे नाही. मी मेल्यावर भाजा."

भाऊजींनी बादली खाली ठेवली आणि गिऱ्हाइकांच्या देखत मला हात जोडले. डोळे भरून आले होते त्यांचे. "उपकार झाले. तसाच ठेवतो मग, बियांसकट. पुन्हा कधी लागला तर?"

"ठेवा," मी म्हटलं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पाव बांधून दिला.