पोदेराची चेन

नाताळ होऊन गेला तरी हिंव जायचं नाव घेत नव्हतं. वालावलच्या खाडीवरून उठलेलं धुकं माडांच्या कमरेला येऊन बसलं होतं, वर नुसते शेंडे. स्टॅनली पोदेराच्या पावभट्टीत तेवढी ऊब होती. लांब दांड्याच्या फळीवर पाव बाहेर ओढायचा, उलटा करून बुडावर टिचकी मारायची, पोकळ वाजला की टोपलीत. आतला पाव शिजलाय की नाही, हे तो आवाजावरून सांगायचा. म्हणजे कान शाबूत होता. म्हणून तर त्रास होत होता.

टोपली कॅरियरला बांधून, पोंपोंचा रबरी भोंगा हँडलला अडकवून त्याने पेडल मारलं. कुंईं-कर्र. कुंईं-कर्र.

घराची खिडकी उघडली. "पपा, पोंपों घरातच ठेवून जा रे. गावाक असोच कळता तू इलंस ता."

ही ग्लेनिशा, स्टॅनलीचं एकुलतं चेडू. मडगावला हॉस्पिटलात नर्स. वर्षभर साठवलेली रजा घेऊन नाताळाला आली होती आणि येताना बॅटरीवरच्या स्कूटरचा विचार घेऊन आली होती. बापाने आता सायकल सोडावी. रस्त्याला डंपर वाढलेत आणि लोकही बोलतात, नर्सबाईचो बापूस अजून सायकलीर पाव विकता म्हणून.

"विकतंय मगे," स्टॅनली म्हणाला होता. "चोरतंय काय?"

शेवटी बापलेकीची पैज लागली. सहा जानेवारीच्या तीन राजांच्या फेस्तापर्यंत चेन गप झाली, तर ग्लेनिशा स्कूटरचं नाव काढणार नाही. नाही झाली, तर सायकल भंगारात. पिएदाद, स्टॅनलीची बायको, साक्षीदार. ती दोघांच्याही बाजूने नव्हती. कारण दोघंही तिला विचारत नव्हते.

गंमत अशी, की इतकी वर्षं त्या चेनीने ब्र काढला नव्हता. काळ्या चिकट मळाच्या गोधडीत गुरफटून ती बिचारी गुमान फिरत होती. पण नाताळ आला. घराला रंग लागला, अंगणातल्या सांताक्रुसाला चुना लागला, पिएदादने कढयांची बुडंसुद्धा घासली. लेक येणार तर सायकल काळी कशी दिसू द्यायची? स्टॅनलीने शेजारच्या विनीतकडून टिलरचं डिझेल आणलं, जुन्या टूथब्रशने चेनीची एकेक कडी घासली. लग्नातल्या साखळीसारखी चेन चमकायला लागली.

मग तेल. मशीनचं तेल कुडाळच्या बाजारात. घरात मात्र स्वतःच्या माडांचं, घाण्यावर काढलेलं खोबरेल. त्या घरात खोबरेल डोक्याला लागायचं, भाजल्यावर लागायचं, बिजागरीला, शिलाईच्या मशीनला आणि मेरी सायबिणीपुढच्या दिव्याला. देवाला चालतं ते चेनीला का चालू नये? स्टॅनलीने सढळ हाताने घातलं. सायकलला दोन दिवस मटणाच्या कढीचा वास होता.

मग हिंव पडलं आणि चेनीला वाचा फुटली.

त्याने मडगार्ड आवळलं, मग सैल केलं. मागचं चाक पुढे घेतलं, मागे घेतलं. कॅरियरची स्प्रिंग काढून टाकली, आणि त्या दिवशी निम्मे पाव वालावलच्या कुत्र्यांनी खाल्ले. पिएदादने मीठमिरच्या घेऊन सायकलची दिष्ट काढली. मिरच्या ठसकल्या नाहीत, म्हणजे दिष्ट होतीच. सकाळी पुन्हा कुंईं-कर्र.

शेवटी बाजाराच्या दिवशी, पाव संपल्यावर, भर उन्हात तो कुडाळला गेला. गुरुप्रसाद मेस्त्रीने सायकल उलटी केली, पेडल गरागरा फिरवलं. चेन मांजराच्या पावलाने फिरली.

"स्टॅनली, आवाज खंय येता?"

"सकाळी येता."

"सकाळी माका घरवालीचो येता," मेस्त्री म्हणाला. "दुपारी तिचो पण नाय."

स्टॅनली मोठ्या दिमाखात घरी आला, अंगणात सायकल फिरवून दाखवली. "ऐक. चेन हाडली का नाय वळणावर?"

ग्लेनिशाने मोबाइलमधून डोकं वर काढलं. "पाव दुपारी विकतंस?"

फेस्ताच्या आदल्या पहाटे स्टॅनली भट्टीपाशी आला तेव्हा पिएदाद केस सोडून बसली होती आणि खोबरेलाची बाटली भट्टीच्या तोंडाशी धरून गोल फिरवत होती.

"ह्या काय करतंस गो?"

"तेल थिजला. हिंवात रोज थिजता. तुका लग्न झाल्यापासून आज दिसला?"

त्याने बाटलीकडे बघितलं. आत पांढरं दगडासारखं. मग त्याने दाराबाहेर बघितलं. सायकल नेहमीसारखी फणसाखाली, दवात उभी होती. तो जाऊन उकिडवा बसला आणि चेनीच्या कडीत नख घातलं. नखावर शहाळ्याच्या मलईसारखं पांढरं आलं. प्रत्येक कडीत तेच. ऊन चढलं की हे पाणी होणार, आणि मेस्त्री हसणार.

पिएदाद मागे येऊन उभी होती. "म्हणजे माजी बाटली अर्धी झाली ती..."

"उंदीर असतीत."

"उंदरांक केस गळती लागली काय?"

"ग्लेनिशाक सांगा नको."

"सांगतंय कशाक? मशीनचा तेल हाड आणि माका नवी बाटली दी."

त्याने पुन्हा डिझेल, पुन्हा टूथब्रश केलं. या खेपेस मशीनचं तेल, तेही थेंबाथेंबाने.

फेस्ताच्या सकाळी सायकल अंगणातून निघाली ती धुक्यासारखी. खिडकी उघडली नाही. चेन गप, चाक गप, स्टॅनलीच्या तोंडावर मात्र हसू मावेना. सायकल वाचली होती. पोंपों वाजवायचंही त्याच्या लक्षात राहिलं नाही. तळ्याच्या वळणापर्यंत तो असा राजासारखा गेला, आणि मग ऐकू आलं.

कट.

पेडल वर आलं की कट. इतके दिवस आवाज शोधून शोधून कानाला सवयच लागली होती, आता तो गप बसेना. स्टॅनलीने उतरून पेडल आवळलं. कट. क्रँक हलवून बघितला, घट्ट. देवळाच्या चढाला तो खाली उतरला आणि सायकल हातात धरून चालायला लागला. कट. कट. तो थांबला. आवाज थांबला. त्याने सायकल कुंपणाला टेकवली, चार पावलं लांब गेला आणि एकट्याने उजवा पाय वर केला.

कट.

पावासाठी भांडं घेऊन रोजची गिऱ्हाईक सावित्री कुंपणाच्या बेड्यापाशी उभी होती. "स्टॅनली, आज पोंपों नाय, कुरकुर नाय. आणि पाय कित्या हलयतंस?"

"सायकल बघतंय," स्टॅनली म्हणाला.

"सायकल थंयसर आसा."

"ती बघून झाली," म्हणत त्याने तिच्या भांड्यात एक पाव जास्तीचा टाकला.

घरी आला तेव्हा ग्लेनिशा ओट्यावर कॉफी पीत बसली होती. "जिंकलंस," ती जरा फुगूनच म्हणाली. "माका कायच ऐकाक इला नाय. आता मी स्कूटरचा नाव काढूचंय नाय."

स्टॅनली खांब धरून सावकाश पायरीवर टेकला. त्याने चेनीचा काळा डाग बोटावरून पुसला.

"त्या स्कूटरक मागे टोपली बसता?"

"तू जिंकलंस मां?"

"सायकल जिंकली. मी खंय जिंकलंय?"

तिने कप खाली ठेवला आणि बापाकडे नीट बघितलं, वॉर्डातल्या पेशंटकडे बघतात तसं. बघता बघता नजर गुडघ्यावर आली. "बसता," ती म्हणाली. "मोठी पण बसता."

"मगे बघूक हरकत नाय. पण सायकल भंगारात जावची नाय. जिंकलेल्याक भंगारात घालनत नाय."

"उंदराक विचार आधी," आतून पिएदाद म्हणाली.

"खंयचो उंदीर?" ग्लेनिशाने विचारलं.

स्टॅनलीला एकदम आठवलं की भट्टीतली राख अजून ओढायची आहे. तो खांब धरून उठला, कोपऱ्यातलं फावडं घेतलं आणि आत गेला.