सात किलो अन् तीन घरं

मोबाइलमधला आलेख सांगत होता की झोयाचं वजन वाढतंय. आणि झोया माझ्यासमोर सतरंजीवर होती. पंधरा महिन्यांची पोर, आईच्या मांडीला टेकून नुसती पडली होती. मी खुळखुळा वाजवला तरी तिनं मान वळवली नाही.

मी अंगणवाड्यांची सुपरवायझर. भूम तालुक्यातल्या तेवीस अंगणवाड्या माझ्याकडे आहेत. सेविका दर महिन्याला पोरांची वजनं घेतात आणि मोबाइलमध्ये भरतात. ती बरोबर आहेत का, हे बघायचा पगार मला मिळतो. तेव्हा या गोष्टीत चूक कोणाची, हे शोधायला फार लांब जायला नको.

झोयाची आई नसरीन चिडलेली होती आणि तिचं चिडणं रास्त होतं.

"मॅडम, चार दिसांमागं वजन केलं तवाच म्या सांगितलं, पोरगी उचलली की हलकी लागतीया. अंगात कणकण असती. तर ताई म्हन्ल्या, वजन वाढलंय, घाबरू नको."

सेविका सुरेखाताई. बारा वर्षांची नोकरी, एक दिवस अंगणवाडी बंद ठेवलेली नाही. त्यांनी मोबाइल पुढं केला. "बघा की मॅडम. सात पॉइंट एक, सात पॉइंट दोन, सात पॉइंट तीन, अन् आता सात पॉइंट पस्तीस. वाढतंयच."

रेघ खरंच चढती होती. जरा आळशी, पण चढती. चार दिवसांपूर्वी सुरेखाताईंनी मला फोनवर नसरीनची तक्रार सांगितली, तेव्हा मीच म्हणाले होते, "आलेख चढता आहे ना? मग कशाला काळजी करता." आता पोर समोर पाहिल्यावर ते वाक्य आठवलं आणि मला माझीच लाज वाटली.

मी झोयाला नव्या डिजिटल काट्यावर ठेवलं. सात किलो तीनशे पन्नास ग्रॅम. काढून परत ठेवलं. तेवढंच. म्हणजे आजचा आकडा बरोबर होता. मग खोटं बोलत होतं कोण?

"सुरेखाताई, हा काटा याच महिन्यात आला. त्याआधीची तीन वजनं कशावर केली?"

"जुना काटा मोडला होता की. तुमालाच अर्ज दिलता."

दिला होता. तो अर्ज मी वर पाठवला आणि विसरून गेले.

"मग?"

"सासऱ्यांच्या खव्याच्या भट्टीवरचा काटा आणला. त्याला झोळी बांधली. तीन महिने एका बी पोराचं वजन चुकू दिलं न्हाय मॅडम."

आमच्याकडं गावोगाव दूध आटवून खवा करतात. भट्टीवर खवा तोलायला स्प्रिंगचा टांगता काटा असतो. वरच्या गोल तबकडीवर किलोचे आकडे, दोन आकड्यांमध्ये रेघांनी पाडलेली घरं, खाली लोखंडी हूक, त्याला माल अडकवायचा. मी तो काटा मागवला. शेजारचीच भट्टी, पाच मिनिटांत आला. सोबत मी लोखंडी वजनंही आणायला सांगितली, एक किलोचं आणि अर्ध्या किलोचं. सुरेखाताईंनी दोन्ही एका पिशवीत घालून टांगली.

"वाचा."

त्यांनी चष्मा सारखा केला. "एक किलो अन् दोन घरं."

"रजिस्टरला काय लिहाल?"

"एक पॉइंट दोन."

मला वाटलं माझ्याच ऐकण्यात काही चुकलं. परत विचारलं. परत तेच उत्तर, अगदी खणखणीत आवाजात. पायाखालची जमीन सरकली म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

"सुरेखाताई, पिशवीत दीड किलो आहे."

"व्हय, दीडच की. एक किलो अन् दोन घरं म्हंजी दीड."

"आणि दीड, पॉइंट टाकून कसं लिहितात?"

"एक पॉइंट..." त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग तबकडीकडं. मग पदर तोंडाला लावला. "आई गं. पाच."

झालं होतं ते असं. सरकारी काट्यावर एका किलोची दहा घरं असतात. तिथं सात किलो तीन घरं म्हणजे तीन दशांश, सरळ ७.३. खव्याच्या भट्टीवर सगळा हिशेब पावात चालतो, म्हणून त्या काट्यावर किलोची चारच घरं. एक घर म्हणजे पाव किलो. तीन घरं म्हणजे तीन चतुर्थांश. त्याचा दशांश काढायचा तर तीनला चारनं भागायचं. तीनला भाग जात नाही, म्हणून पॉइंट देऊन तीस करायचे. चार साते अठ्ठावीस, उरले दोन. दोनाचे वीस, चार पाचे वीस. उत्तर ०.७५. सुरेखाताईंना तीन घरं म्हणजे पाऊण किलो हे झोपेतही सांगता आलं असतं. फक्त लिहिताना हात जुन्या सवयीनं चालला आणि मोजलेली घरं तशीच पॉइंटपुढं बसली.

मी रजिस्टरच्या मागं झोयाची खरी वजनं मांडली. ७.२५. ७.५०. ७.७५. आणि आज ७.३५.

पोरगी तीन महिने छान वाढत होती. गेल्या एका महिन्यात तिनं चारशे ग्रॅम गमावले होते, आणि आम्ही दोघी तिच्या आईला सांगत होतो की पन्नास ग्रॅम वाढले.

नसरीननं विचारलं, "काय झालं मॅडम?"

"तुझं बरोबर होतं. आमचं चुकलं. चल, आत्ताच दवाखान्यात जायचं."

माझ्याच गाडीतून गेलो. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली. लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला होता. लहान पोरांत तो असाच लपून राहतो, जरा ताप आणि वजन उतरणं एवढंच दिसतं. "अजून पंधरा दिवस थांबला असतात तर किडनीपर्यंत गेलं असतं," त्या म्हणाल्या.

झोया आठवडाभर ॲडमिट होती. औषध लागू पडलं. सातव्या दिवशी तिनं डॉक्टरीणबाईंचा स्टेथोस्कोप ओढला आणि सोडेना, तेव्हा नसरीन आधी हसली आणि मग ढसाढसा रडली. मीही रडले, ते लपवायचं कारण नाही.

त्या अंगणवाडीतल्या सगळ्या पोरांची वजनं आम्ही दोघींनी बसून दुरुस्त केली. आणखी दोन पोरं अशीच उतरलेली निघाली. त्यांनाही दाखवून आणलं. सुरेखाताई राजीनामा लिहून घेऊन आल्या होत्या. मी म्हणाले, "आधी माझा लिहिते, मग तुमचा बघू." तो कागद त्यांनी परत नेला.

मग ऑफिस. मी सगळा अहवाल लेखी दिला, अर्ज विसरल्याचं आणि फोनवर काय बोलले त्याच्यासकट. आमच्या साहेबांनी तो दोनदा वाचला.

"मॅडम, कशाला मागचं उकरता? पोरगी बरी झाली ना?"

"झाली सर. पण बाकीच्या अंगणवाड्यांत कोणते काटे आहेत ते मला माहीत नाही. तुम्हाला आहे?"

मला वाटलं आता मेमो येणार. साहेब उठले, केबिनचं दार लोटून घेतलं, परत खुर्चीत बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "एक सांगा. पॉइंट पंचाहत्तर मोठं का पॉइंट आठ?"

साहेब थट्टा करत नव्हते. वीस वर्षं या माणसानं जिल्ह्याला पोरांच्या वजनाचे तक्ते पाठवले होते.

मी कागद ओढला. "आठच्या पुढं एक शून्य लिहा सर. ऐंशी. आता सांगा, पंचाहत्तर मोठे का ऐंशी?"

"अस्सं होय," ते म्हणाले आणि अहवालावर सही केली.

तेव्हापासून माझ्या बीटच्या, म्हणजे तेवीस सेविकांच्या, मीटिंगमध्ये पहिली पंधरा मिनिटं पाव, अर्धा आणि पाऊण पॉइंटमध्ये लिहायला देते. जिला येत नाही तिनं न लाजता हात वर करायचा, हा नियम. पहिल्या मीटिंगला तेवीसपैकी नऊ हात वर आले.