वळणावर वाचायचा नकाशा

चूक माझी होती आणि शिक्षा झाली रंगनाथ ड्रायव्हरला. हे आधीच कबूल करतो, मग प्रवासाचे सांगतो.

आमचा कारखाना वाढत होता. पिशोरकडच्या कामगारांसाठी गाडी सुरू करायची होती. नामांतर आंदोलनात हमरस्ता कधी बंद होईल याचा नेम नव्हता, म्हणून ड्रायव्हरांसाठी मी आडवाटांचा नकाशा काढला. एकाच कागदावर सगळ्या खुणा, मुंगीएवढी अक्षरे, उत्तर दिशा वर. तो तपासायला आम्ही सकाळी क्रांती चौकातून जीप काढली.

कागद पाहून रंगनाथ म्हणाला, "साहेब, ह्ये वाचू का गाडी चालवू?"

"होईल सवय."

जाताना निभावले, जीपचे तोंडही उत्तरेलाच होते. पिशोरच्या बाजारात गरम भजी खाल्ली. परतताना पुढे रस्ता बंद असल्याचे कळले, तसे आडवाटेला लागलो. आता नकाशातले उजवे प्रत्यक्षात डावे येत होते. रंगनाथ एका हाताने कागद उलटा धरू पाहत होता.

"खालची खूण बघ, खालची!" मी घाई केली. त्याने मान खाली घातली आणि वळणावर मेंढरे आली. जीप चारीत (रस्त्याकडेच्या चरात) गेली. एक मेंढी जागीच मेली.

मेंढरांमागची बाई धावत आली. "कागदात मुंडकं घालून गाडी हाकतोस व्हय रं? तिथं मी असते तर?"

मी मेंढीचे पैसे तिच्या हातावर ठेवले.

जीप वर काढल्यावर तिलाच वाट विचारली. "म्होरं इहीर (विहीर) लागंल, तिथनं डाव्या हाताला. बाकीचं तिथं इचार. समदं आत्ताच सांगून तुझ्या ध्यानात ऱ्हाणार हाय का?"

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी विचारले. मी म्हणालो, "ड्रायव्हरचं लक्ष नव्हतं." रंगनाथला घरी बसवले.

मग मी नकाशा बदलला. एका वळणाला एक पुठ्ठा, त्यावर एक खूण आणि जाड बाण; जाण्याचा आणि येण्याचा गठ्ठा वेगळा; काचेलगत, नजरेसमोर. ड्रायव्हर खूश झाले. मॅनेजरांनी पाठ थोपटली आणि मला तिथे उभे राहवेना. मी खरे ते सांगितले. रंगनाथला परत घ्यायचे ठरले.

निरोप घेऊन मीच शहागंजला त्याच्या घरी गेलो. बायकोसमोर तो म्हणाला, "नवे पुठ्ठे लई झ्याक झालेत म्हणं, साहेब. आमची नोकरी खाऊन."

"रंगनाथ, मान तू खाली घातलीस, पण घालायला मी लावली. वर मॅनेजरांसमोर खोटं बोललो. मला माफ कर."