पापनाश

लिंबाची साल किसली की त्या वासाबरोबर मला आयर्लंडमधल्या गॉलवेतली एक रविवार दुपार आठवते. सलग ड्युट्या करून मी इतकी दमले होते, की आमच्या हॉस्पिटलातली रुमानियन नर्स चीज घेऊन दारात उभी राहिली तेव्हा तिला मीच बोलावलंय, हेही मला आठवेना. तिच्या गावाकडचे चीजचे गोड वडे ती आम्हाला शिकवणार होती. बाबा गेल्यावर आई पहिल्यांदाच नागपूरहून माझ्याकडे आली होती. त्यांच्या आजारपणात मी रजा पुढे ढकलत राहिले आणि पोचले तेव्हा तेरावंही उरकलं होतं. त्यावर आईने कधी अवाक्षर काढलं नव्हतं. चीज फार ओलं निघालं, तसं आईने ते चक्क्यासारखं फडक्यात बांधून पिळलं. नर्सने त्यात रवा आणि लिंबाची साल घालून वडे वळले, आई तळायला उभी राहिली. मी नाव विचारलं, तर नर्स म्हणाली, "पापानाश." आईचा झारा थांबला. "पापनाश? याच्यानं कोनाचं पाप जाते, बाई?" नर्सने हसत पहिल्या वड्यावर आंबट क्रीम आणि जॅम घातला. आईने ती बशी माझ्यापुढे सरकवली. "पहिले तू खाय." वडा आतून कच्चा होता, तरी मी सगळा संपवला. अजूनही ड्युटीवरून आले की आईला फोन लावते. ती "जेवली का" विचारते, मी हो म्हणते, आणि त्यापुढे आम्ही दोघीही जात नाही.