गोठ्यातली पायरी

“ती पुरं म्हणंना, मग मी कसं म्हणू?”

आबा स्वयंपाकघरात बोलत होते. मी माजघरात खाटेवर पडले होते. डाव्या गुडघ्यावर आंबेहळदीचा लेप होता आणि पायाखाली दोन उशा. मधे फक्त एक पडदा. मला झोप लागली आहे असं दोघांना वाटत होतं, आणि तसं वाटावं म्हणून मीच डोळे मिटून घेतले होते. डोळे मिटले की लोक आपल्याला काही विचारत नाहीत, हे मला फार लहानपणी कळलं होतं.

भाकरी थापण्याचा आवाज थांबला. “मंजी वस्ताद तुमी का ती?” आईने विचारलं.

मग तीच म्हणाली, की उद्या मागच्या गोठ्यात सरपण भरून टाका, कॉलेजचं काय ते नंतर बघू. आमच्या घरात ‘नंतर बघू’चा अर्थ एकच होता.

मी डोळे उघडले आणि आढ्याकडे बघत राहिले. दुपारपासून मी मनातल्या मनात आबांवर रागावले होते. त्यांनी ‘पुरे’ म्हणावं म्हणून मी किती दिवस वाट पाहत होते. आणि पडद्यापलीकडे बसलेले आबा सांगत होते की तेही तेवढेच दिवस तोच शब्द माझ्या तोंडून यायची वाट पाहत होते.

लहान असताना मोठा ताप आला आणि माझा डावा पाय अधू झाला. पाय लुळा पडला नाही, पण उजव्यापेक्षा बारीक राहिला आणि भरवशाचा उरला नाही. तेव्हा आम्ही खडकीला होतो. आबा लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांच्या साहेबाच्या शब्दावरून मला तिथल्या इंग्रजी शाळेत प्रवेश मिळाला. ड्रिलच्या तासाला मला मैदानाच्या कडेच्या बाकावर बसवत. बाकीच्या मुली आपले स्वेटर, चष्मे, केसांच्या रिबिनी माझ्या मांडीवर आणून ठेवत आणि रांगेत उभ्या राहत. शिट्टीबरोबर सगळ्यांचे हात वर जात. कोणाचा हात उशिरा जातो, कोण नुसतंच ओठ हलवून मोजते, कोण बाईंची पाठ वळली की खांदे पाडते, हे सगळं मला बाकावरून दिसे. मी कोणाला सांगत नसे. शाळेत इंग्रजी आणि घरी आईआबांची मावळातली बोली, या दोन्हींच्या मधे मला दोन्हीकडे कमी बोलायची सवय लागली.

पिंपरीला नवा कारखाना उभा राहिला तेव्हा आबा तिकडे लागले आणि आम्ही चिंचवड गावात भाड्याचं घर घेतलं. घरामागे एक रिकामा गोठा होता. जनावरं मालकाने केव्हाच विकली होती, पण दावणीचा वास भिंतींत तसाच होता. मागच्या दारात उभं राहिलं की ज्वारीची रानं दिसत आणि रानांच्या टोकाला कारखान्याचं धुराडं. भोंगा झाला की आई तांदूळ धुवायला घेई, कारण भोंग्यानंतर आबा घरी पोचायला तेवढाच वेळ लागे.

मॅट्रिक झाल्यावर मला शिक्षिका व्हायचं होतं. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात मुलाखतीला बोलावलं, तेव्हा आई बरोबर आली. चिंचवडचा फलाट बुटका आणि डब्याची पायरी उंच. चांगला पाय पायरीवर ठेवून दांडी धरली, की मागच्या पायाने जमिनीला रेटा द्यावा लागतो. माझा मागचा पाय रेटा देईना. गार्डाची शिट्टी झाली. वरून एका अनोळखी बाईने माझ्या काखेत हात घातला, खालून आईने ढकललं, आणि धान्याचं पोतं चढवावं तशी मी डब्यात चढले. सगळ्यांनी सरकून मला जागा दिली. मला ती जागा नको होती. पुण्यापर्यंत आई खिडकीबाहेर बघत राहिली.

जूनपासूनचा प्रवेश मिळाला. घरी आल्यावर आई आबांना एवढंच म्हणाली, “रोज कोण चढवणार हिला?” तिच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता, म्हणून त्याला उत्तर देणं अवघड होतं. एकटीने गाडीत चढता आलं तर कॉलेज, नाहीतर नाही, असं त्या दिवशी कोणी न बोलता ठरलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी आबा काठी घेऊन स्टेशनात गेले आणि गाडी उभी असताना पायरीच्या उंचीवर काठीला खूण करून आले. कारखान्यात यंत्रं ज्या लाकडी खोक्यांतून येत, त्यातलं एक त्यांनी मागून आणलं. सुताराकडून ते त्या खुणेइतकं कापून, फळ्या ठोकून मजबूत केलं. आढ्याच्या तुळईला दोर टांगला, दांडीच्या जागी धरायला. मग गोठ्याची जमीन खणून त्यात त्यांनी तांबडी माती भरली. त्या मातीत तेल, हळद आणि ताक घातलं. गावाकडे लहानपणी ते तालमीत जात, तिथे कुस्तीच्या हौद्याची माती अशीच करत. कोनाड्यात मारुतीची तसबीर ठेवली.

“बाईमाणूस हौद्यात उतरतं व्हय?” आई म्हणाली.

“घरची माती हाय,” आबा म्हणाले. “पडली तर लागू नये म्हणून टाकली.”

मला आठवतं, त्या वाक्यानंतर आईने विषय सोडला आणि आबांच्या जुन्या लेंग्याची माझ्या मापाची विजार शिवायला घेतली.

पहिल्या दिवशी आबांनी मला तालमीतल्या रीती सांगितल्या. आत येताना मातीला हात लावून कपाळाला लावायचा. तसबिरीकडे पाठ करायची नाही. कुठलीही मेहनत करण्याआधी माती फावड्याने उकरायची, कारण घट्ट मातीवर पडलं की हाड मोडतं, मग ते पैलवानाचं का असेना. आणि बोलता बोलता ते असंही म्हणाले, की त्यांच्या तालमीत वस्ताद पुरे म्हणाल्याशिवाय पोरगं थांबत नसे. एक पोरगा बैठका मारता मारता आडवा झाला, पण त्याच्या तोंडून शब्द आला नाही. हे सांगताना आबा हसत होते.

त्यांच्या लेखी ती एक जुनी गोष्ट होती. मी तो नियम समजले. ज्या शाळेत मी वाढले तिथे मोठ्यांनी सांगितलेलं सगळं नियमच असे.

आणखी एक गोष्ट होती, तिच्याबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही. मी खोक्यावर चढउतार करू लागले की आबा गोठ्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसत, अंगणाकडे तोंड करून. वयात आलेली मुलगी विजार घालून घामाघूम होते, तिच्याकडे बापाने बघत बसायचं नसतं. मलाही त्यांची पाठच बरी वाटे. ते फळीवर पडणारं माझं पाऊल ऐकत आणि मधूनच बोलत. “श्वास कोंडू नको.” “दोराला लोंबू नको, पायाला काम करू दे.” मी उत्तर देत नसे, पण सांगितलेलं करत असे.

शेजारच्या सायकल दुकानदाराच्या बायकोला आम्ही भाबी म्हणायचो. तिने एकदा भिंतीवरून डोकावून पाहिलं. “काय भाऊ, पोरीला कुस्तीच्या फडात उतरवणार वाटतं? कळवा हां, आमचा बोकड लावते बक्षिसाला.”

“बोकड चांगला पोसून ठेवा, भाबी,” आबा म्हणाले, “जून लांब न्हाई.”

दोघंही हसली. मी दोर धरून भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. भाबीचं बोलणं मायेचं होतं हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझ्याकडे बघून कोणी हसलं की मी पुन्हा त्या बाकावर जाऊन बसत असे.

पायात थोडं बळ येत होतं. सुरुवातीला दोराला सगळा भार देऊनही खोक्यावर चढता येत नव्हतं. होळी झाली तोवर एका हाताने दोर धरून चढू लागले. त्याबरोबर गुडघ्यात आतल्या बाजूला एक कळ सुरू झाली. मी ती कोणाला सांगितली नाही. सहन करणं म्हणजेच जोर, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आवाज केला नाही म्हणजे आपण जिंकलो. तालमीतला तो आडवा झालेला पोरगा मला आवडला होता. कळ आली की मी आबांच्या पाठीकडे बघे आणि वाट पाहे. कधी तरी ती पाठ वळेल आणि ‘पुरं’ म्हणेल. पाठ वळत नसे. मग मला वाटे, अजून त्यांच्या मते पुरेसं झालेलं नाही, आणि मी पुन्हा पाय उचले. शेवटी कारखान्यातलं काही काम आठवून ते उठत किंवा आई हाक मारी, तेव्हाच मी थांबत असे.

त्या दुपारी डावा पाय फळीवर घासत वर येऊ लागला. आवाज बदलला होता, तो मलाही ऐकू येत होता. आबांची मान किंचित वळली आणि तिथेच थांबली. मी आणखी एकदा चढले. उतरताना गुडघा आतून सरकल्यासारखा झाला आणि मी मातीत पडले. माती मऊ होती, अंगाला काही लागलं नाही. आबा धावत आत आले. इतक्या दिवसांत मेहनतीच्या वेळी त्यांनी पहिल्यांदा माझा चेहरा पाहिला. मला उचलून घरात नेलं आणि हात न धुताच आईला बोलावलं. त्यांच्या सदऱ्यावर तांबडी माती लागली होती.

त्यानंतरचं मी पडद्याआडून ऐकलं.

डॉक्टर म्हणाले, सूज उतरेल, पण पुन्हा अशी आली तर त्या पायाचं काही सांगता येणार नाही. मी खाटेवर पडून राहिले. सरपणाची गाडी आली, आणि आबांनी लाकडं परसात रचली. गोठ्यात नेली नाहीत. रोज भोंगा होई, आबा येत, चहा घेत आणि मागे जात. मग फावड्याचा आवाज येई. तिथे कोणी उतरणार नव्हतं, तरी ते रोज माती उकरून ठेवत. आईलाही तो आवाज ऐकू येत असे. पहिले काही दिवस ती भांडी जरा जोरात आपटे. मग तिने ते बंद केलं.

मी पडल्या पडल्या विचार करत होते. आबा मला पोरगा समजून शिकवत नव्हते. पोरगा असता तर त्याला त्यांनी केव्हाच थांबवलं असतं किंवा दरडावलं असतं. मुलीच्या अंगाचं मुलीलाच ठाऊक, आपण त्यात कसं बोलायचं, असं त्यांना वाटत असणार. आणि मी, त्यांच्या तालमीतल्या एका गोष्टीला धरून, वस्तादाच्या शब्दाची वाट बघत बसले होते. आम्ही दोघांनीही एकमेकांचा मान राखला होता. गुडघा त्यातच सुजला.

हे आबांना सांगायला हवं होतं. रोज ठरवत होते. शाळेत इन्स्पेक्टरसाहेबांसमोर मी इंग्रजी कविता न अडखळता म्हणून दाखवली होती. पण ‘दुखतंय’ हा शब्द मी घरात शेवटचा केव्हा उच्चारला होता, हे मला आठवेना. तापातही मी तो उच्चारला नव्हता, असं आई अभिमानाने लोकांना सांगायची. विहिरीवर बायका सहज म्हणत, कंबर दुखतीय, दाढ दुखतीय, आणि पुढच्या गोष्टीकडे वळत. मला ते मोठं धाडस वाटे.

सूज उतरली. चैत्र संपत आला होता. एका संध्याकाळी आईने शिवलेली विजार धुऊन, घडी करून खाटेवर ठेवली. “जा,” ती म्हणाली. “पर आता सुजला, तर लाकडं मी भरीन. माझ्या हातानं.”

गोठ्यात सगळं जागच्या जागी होतं. माती इतकी मऊ झाली होती, की पाऊल घोट्यापर्यंत रुतलं. मी मातीला हात लावून कपाळाला लावला. आबांनी खोकं हलवून पक्कं आहे ना ते पाहिलं, मग ते उंबऱ्यावर गेले आणि अंगणाकडे तोंड करून बसले.

मी चढले, उतरले. दोर एका हातात सैल धरला होता. पाय आळसावला होता, पण मागून रेटा येत होता. थोडा, आणि खरा. भाबीच्या परसातून बोकडाचा आवाज आला. आबा हसले नाहीत. त्यांची पाठ ताठ होती आणि मान एका बाजूला कलली होती, अगदी बारीक आवाज ऐकायला कलते तशी. त्यांचा एक हात उंबऱ्याच्या लाकडावर घट्ट दाबलेला होता.

मग ती कळ आली, आतल्या बाजूला, नेहमीच्या जागी. मोठी नव्हती. जुन्या सवयीने माझे दात आवळले गेले आणि पाय पुन्हा फळीकडे गेला. मी तो हवेतच थांबवला. समोर स्टेशनाचा फलाट आला, ती अनोळखी बाई आणि खालून ढकलणारी आई. गुडघा पुन्हा सुजला, तर गाडीत एकटीने चढणं कायमचं संपणार होतं. मी पाय खाली मातीत ठेवला. दोर सोडला. गोठ्यात एकदम शांतता झाली आणि आबांचा उंबऱ्यावरचा हात उचलला गेला, पण ते वळले नाहीत. मी बोलल्याशिवाय ते वळणार नव्हते.

मी म्हणाले, “आबा, पुरे. गुडघा दुखतोय. जरा इकडं बघा ना.”